इंजिन बांधायचं की बदलायचं

सावळघाटाच्या मधल्या वळणावर आधी वास आला. गाडीत मागे निशिगंध होता, उन्हानं त्याचाच वास बदलला असेल असं मला वाटलं. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली, गाडीचा जोर गेला आणि ती एकदा कण्हून बंद पडली. मी हँडब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि कडेच्या कठड्यावर बसले. समोर घाट, मागे घाट, आणि गाडीत एका अख्ख्या लग्नाची फुलं.

आमचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. गुलाब, शेवंती, झेंडू, निशिगंध हे आमचं पीक. पिकवायचं काम माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं. विकायचं काम लग्न होऊन आल्यापासून हळूहळू माझ्याकडे आलं. नवरा अंबडच्या एका कारखान्यात आहे, त्याची पाळी असते. त्यामुळे सकाळी फुलबाजारात माल पोचवायचा, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या, हार, तोरणं, मंडपाच्या माळा पोचवायच्या, हे सगळं मी आणि आमची ही जुनी डिझेल गाडी, अशा दोघीच करायचो. पांढरी, उंच, चौकोनी गाडी. मागची सीट आडवी केली की फुलांचे क्रेट बरोबर बसतात. आबांनी ती घेतली तेव्हा माझी मुलगी शाळेतही जात नव्हती; आता ती पुण्यात नोकरीला आहे. मध्ये आरटीओत नेऊन गाडीचं पासिंगही पुन्हा करून आणलं होतं. कुरकुर करायची, पण कधी वाटेत सोडलं नव्हतं तिनं.

आता सोडलं होतं. लग्न पेठला होतं आणि मुहूर्त दुपारचा.

थोड्या वेळानं खालून एक काळी-पिवळी जीप आली. मी हात केला. ड्रायव्हरनं थांबवली, माझ्या गाडीकडे पाहिलं आणि स्वतःच्या जीपकडे पाहिलं. टपावर गोण्या, आत माणसं एकमेकांच्या मांडीवर.

"ताई, बसायला जागा नाय," तो म्हणाला.

"मला नको जागा. फुलांना द्या."

तो हसला. पण आतून एका म्हातारीनं आपल्या मांडीवर हात थोपटला आणि तिच्या बोलीत सांगितलं की दे इकडे. मी नवरा-नवरीचे हार असलेली पेटी तिच्या मांडीवर ठेवली. मग बाकीच्यांनाही राहवेना. कुणी माळांची टोपली घेतली, कुणी वेण्यांची पिशवी. झेंडूच्या माळा ड्रायव्हरनं टपावर गोण्यांभोवती गुंडाळल्या. जीप निघाली तेव्हा वरातीची गाडीच चाललीय असं वाटत होतं. मी लग्नघरी फोन करून सांगितलं की फुलं येतायत, मी येईन तेव्हा येईन.

तासाभरात नवरीच्या काकांचा फोन आला. "हार आले. एक पाकळी हलली नाय. पण तुम्ही कुठं?"

मी सांगितलं. त्यांनी ट्रॅक्टर पाठवला. दोरखंड बांधून माझी गाडी घाट चढली, आणि मी स्टिअरिंगवर बसून, इंजिन मेलेल्या गाडीत, ट्रॅक्टरवर वाजणाऱ्या लग्नाच्या गाण्यांच्या तालावर पेठमध्ये शिरले. मंडप लावून झाला, अक्षता पडल्या, पंगतीत मला आग्रहानं दोनदा वाढलं. दुपारनंतर नवरा त्याच्या मित्राची पिकअप आणि साखळी घेऊन आला.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"जेवलास का? इथली डाळ फार छान आहे," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी द्वारकेजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री बोलायला सावकाश. त्यांनी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी बाहेर ओढली आणि आम्हाला दाखवली. काळं दिसायला हवं ते ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं.

"पाण्याचा पाइप फुटला. पाणी गेलं, इंजिन तापलं, हेडचं गॅस्केट उडालं. पाणी ऑइलमध्ये मिसळलं."

"पण तापमानाचा काटा तर मधोमध होता," मी म्हणाले. "मी बघत होते."

"पाणीच संपलं वहिनी, तर काटा तापमान दाखवणार कशाचं?" त्यांनी पट्टी पुसून परत आत घातली. "आता दोन रस्ते आहेत. हे इंजिन खोलायचं, लेथवर पाठवायचं, आतलं सगळं नवीन टाकून बांधायचं. त्याला वेळ लागेल. नाहीतर असंच दुसरं जुनं इंजिन मिळतं, अपघातात गेलेल्या गाडीचं. ते आणायचं, बसवायचं, आठवड्यात गाडी रस्त्यावर."

"तुमचं मत काय?" नवऱ्यानं विचारलं.

"तुमच्या इंजिनाची दुखणी मला माहीत आहेत. त्या इंजिनाची त्यालाच माहीत," ते म्हणाले आणि दुसऱ्या गाडीकडे वळले.

घरी आल्यावर चर्चा सुरू झाली. मला वाटलं होतं की आबा जुन्या गाडीची बाजू घेतील. गाडी त्यांनी घेतलेली. तिची पूजा दरवर्षी दसऱ्याला तेच करायचे. पण आबा शेवंतीच्या काड्या निवडता निवडता म्हणाले, "विकून टाका."

"काय?" नवरा म्हणाला.

"विकून टाका, भंगारात द्या. गाडी काय आपली सोयरी हाय का? बसलं की माझे गुडघे दुखतात. पहिल्यापासून दुखतात."

इतकी वर्षं हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आम्ही त्यांना मानानं पुढच्या सीटवर बसवत आलो आणि तिथंच पाय ठेवायला जागा सगळ्यात कमी.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. कारखान्यात म्हणे बिघडलेला पार्ट कुणी दुरुस्त करत बसत नाही. काढायचा, दुसरा लावायचा, लाइन चालू ठेवायची. "लग्नसराई आहे. महिनाभर गाडी बंद ठेवून चालेल का? इंजिन बदलू." खरं तर या गाडीला सगळ्यात जास्त नावं तोच ठेवायचा. तिचा आवाज, तिचा धूर, तिची खिडकी, जी वर करायला आतून आणि बाहेरून अशी दोन माणसं लागायची. तरी विकायचं नाव काढल्यावर तो म्हणाला, "विकायचं काय, बॉडीला कुठे गंज आहे?" आणि उठून पाणी प्यायला गेला.

मुलीनं पुण्याहून फोनवर तिसरंच सांगितलं: नवीन घ्या, बॅटरीची घ्या. आबांनी फोन कानाला लावून विचारलं, "ती घाटात चढती का?" आणि उत्तर न ऐकताच मला परत दिला.

दोन दिवस असेच गेले. फुलं तर थांबत नव्हती. आबा आणि नवरा मोटरसायकलवरून गुलाब न्यायला लागले. पुढे नवरा, मागे आबा, आबांच्या मांडीवर क्रेट आणि क्रेटवर हनुवटी. मी शेजारच्यांच्या टेम्पोत मागे झेंडूच्या गोण्यांवर बसून जायचे. लग्नाच्या ऑर्डरीला रिक्षा करायचे. एका रिक्षावाल्यानं माझ्या तोरणांतल्या दोन माळा मागितल्या आणि रिक्षाला लावूनच पुढे गेला. रिक्षा चांगली दिसत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही निर्णय सांगायला मिस्त्रींकडे गेलो. म्हणजे नवरा आणि आबा सांगायला गेले, मी सोबत. दोघंही बोलले. एक म्हणाला बदला, दुसरा म्हणाला विकायला गिऱ्हाईक बघा. मिस्त्रींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी चालवतं कोण?"

दोघंही माझ्याकडे वळले.

"मग वहिनी, तुम्ही सांगा," मिस्त्री म्हणाले.

इतका वेळ मी मनातल्या मनात दोघांवर चिडत होते की मला कुणी विचारत नाही, आणि विचारल्यावर मला काही ठरवता येईना. चुकलं तर ते आता माझं चुकणार होतं. लग्नसराई समोर होती. मी म्हणाले, "ते जुनं इंजिन आधी बघू तरी."

सटाण्याच्या रस्त्याला एक जण अशी इंजिनं विकतो असं कळलं होतं. रविवारी आम्ही तिघं एसटीनं गेलो. पत्र्याची मोठी शेड, बाहेर निखळलेले दरवाजे, सीटा, एकावर एक रचलेले टायर. मालक पोट सुटलेला, हसतमुख माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, नाशिकची द्राक्षं यंदा कशी आहेत ते विचारलं. मग शेडच्या आत नेलं. लोखंडी घोडीवर इंजिन ठेवलेलं होतं, धुतलेलं, पुसलेलं, चकचकीत. शेजारी बॅटरी, डिझेलचा कॅन, पाण्याची नळी, सगळं जोडून तयार.

"भारी शे इंजिन," तो म्हणाला. "गाडी मागून ठोकेल व्हती, इंजिनले काहीच नाय झालं. आठ दिवसांत हातबी नाय लावला. तुमच्यासमोर पहिल्यांदा चालू करतो."

त्यानं चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. धूर नाही, थरथर नाही. नवऱ्याचा चेहरा खुलला. त्यानं कान जवळ नेला, मान डोलावली, ऑइलचं झाकण काढून बघितलं, आणि आबांकडे वळून म्हणाला, "ऐका. शिलाई मशीन आहे."

आबांनाही तो आवाज आवडला असावा. ते विक्रीचं काही बोलले नाहीत.

मला मात्र काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. सकाळी फुलबाजारात जाताना मी आमची गाडी रोज थंड इंजिनावर सुरू केली आहे. थंडीच्या दिवसांत तर आधी हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग चावी. तरी ती आधी खोकते, थोडा पांढरा धूर टाकते, मिनिटभर अंग झटकते आणि मग लयीत येते. निरोगी असतानासुद्धा ती असंच करायची. आणि हे, आठ दिवस न हललेलं, उघड्या शेडमध्ये पडलेलं, सकाळच्या गारव्यात एका झटक्यात सुरू झालं होतं.

"बंद करा जरा," मी म्हणाले. त्यानं बंद केलं. चालून मिनिटही झालं नव्हतं. मी पुढे होऊन इंजिनच्या खालच्या बाजूला हात लावला. चांगलं कढत होतं. हात ठेववेना.

"दादा, हे तर आधीच तापलेलं आहे."

नवऱ्यानं येऊन हात लावला आणि झटकन मागे घेतला. मालकानं डोकं खाजवलं आणि तो हसायला लागला. लाजून नाही, खेळात लबाडी पकडली गेल्यावर समोरचा हसतो तसा.

"सकाळी जरा चालवून ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर. थंड असलं की जरा टाइम घेतं."

"किती टाइम?"

"घेतं जरा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा घासेल शेत, ताई. तुम्हाले खोटं नाय सांगत."

"आता नाही सांगत," आबा म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

परतीच्या एसटीत नवरा खिडकीबाहेर बघत होता. कळवण फाटा मागे पडला. मग म्हणाला, "आवाज मात्र छान होता गं." मी म्हणाले, "होता." स्टँडवर उतरल्यावर मी तिथूनच मिस्त्रींना फोन केला आणि सांगितलं, इंजिन खोला. बांधू आपलंच. नवरा आणि आबा शेजारी उभे होते. मला वाटलं होतं, असं ठामपणे सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

इंजिन खोललं. मी एकदा बघायला गेले तेव्हा आमची गाडी नाक नसल्यासारखी पुढून पोकळ दिसत होती आणि तिचं सगळं आतलं एका पत्र्यावर मांडलेलं होतं. मिस्त्री एकेक दाखवत होते. पिस्टनवर ओरखडे होते, ते बदलणार. सिलिंडर लेथवर जाणार. मधला मोठा दांडा, क्रँक, मात्र ठीक निघाला. "तेवढं तुमचं नशीब," ते म्हणाले. मी तेवढ्या नशिबावर आठवडा काढला. लग्नाची ऑर्डर कुठून आली की आधी अंतर विचारायचे. गंगापूर रोड, पंचवटी असलं तर रिक्षा. त्याच्या पलीकडचं असलं तर जीव खाली-वर. दोन ऑर्डरी मी नाकारल्या. दुसरी नाकारताना आबा तिथंच दोरा ओवत बसले होते. त्यांची सुई थांबली. ते थांबणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग मिस्त्रींचा फोन आला. इंजिनच्या वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो तपासायला दिला होता. त्याला तडा निघाला होता. बारीक, पण नको त्या जागी. सांधून चालेल याची खात्री देता येत नव्हती. आणि या जुन्या मॉडेलचं नवीन हेड कुठे लगेच मिळेना.

मी जेवताना हे सांगितलं. सांगताना भाकरीकडेच बघत होते. नवरा "हं" म्हणाला. आता हे दोघं म्हणणार, सांगत होतो ना, असं वाटून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. ती काही लागली नाहीत. जेवण झालं, ताटं उचलली, सगळे झोपायला गेले.

सकाळी मी फुलबाजारातून परत आले तर आबा घरात नव्हते. मळ्यात नव्हते. त्यांची टोपी खुंटीवर नव्हती आणि चांगल्या चपलाही नव्हत्या. फोन लावला तर फोन देव्हाऱ्याशेजारी वाजला. शेजारी विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्याला कारखान्यात फोन केला. तो म्हणाला, "येतील, दाढीला गेले असतील." दुपार झाली तरी दाढी संपेना.

उन्हं कलल्यावर रस्त्यावर रिक्षा थांबली. आबा उतरले, आणि मग रिक्षावाला आणि ते मिळून एक पोतं उतरवायला लागले. पोत्यात काहीतरी जड, कोनाकोनाचं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं, सुतळी सोडली. आत सटाण्याच्या त्या इंजिनाचं हेड होतं.

"त्याच्या रिंगा घासल्यात ना," आबा म्हणाले. "वरच्या भागाला काय धाड भरलीय?"

"त्यानं दिलं? इंजिन तोडून?"

"आधी नाय म्हणाला. मग मी तिथंच बसलो. चहा पाजला त्यानं. मग जेवायला डबा उघडला, त्यातली अर्धी भाकर मला दिली. जेवल्यावर म्हणाला, घेऊन जा बाबा." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझ्यासमोर खोलायला लावलं. तिथल्या लेथवाल्याकडून तपासून घेतलं. आणि कंडक्टरनं या पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं. मी म्हटलं, मग त्याला खिडकीची जागा दे."

"तुम्ही तर म्हणत होतात विकून टाका."

"म्हणत होतो. अजून म्हणतो. पण खोलून ठेवलेली गाडी कोण घेतं? आणि ते क्रेट मांडीवर घेऊन बसायचा मला कंटाळा आलाय."

मी आत जाऊन चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत तिथंच उभी राहिले. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, दोन्ही एकदम. बाहेर आबा त्या हेडवरची धूळ पंच्यानं पुसत होते.

असं करत आमचं इंजिन ना पूर्ण बांधलं गेलं, ना पूर्ण बदललं गेलं. खाली आमचं, वर सटाण्याचं. मिस्त्रींनी ते हेड उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा एकदा तपासायला लावलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. कुणी निवडलं?" आबा दुसरीकडे बघत उभे होते.

इंजिन बसलं त्या दिवशी नवऱ्यानं सुट्टी घेतली. चावी माझ्या हातात होती. पहिल्यांदा फिरवली, नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदाही तेच. मिस्त्री म्हणाले, डिझेलच्या नळीत हवा आहे, आणि खाली वाकून कुठलासा नट सैल करून ती हवा काढायला लागले. नवरा पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता, सुट्टी घेतलेली असूनही. मग मिस्त्रींनी हात वर केला. मी चावी फिरवली. गाडी खोकली, भकाभका धूर टाकला, अंग झटकलं आणि लागली. शिलाई मशीनसारखा आवाज नव्हता. नेहमीचाच होता, फक्त दात पक्के बसल्यासारखा. नवऱ्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"आता ऐका," मिस्त्री मला म्हणाले. "आतले भाग नवे आहेत, त्यांना एकमेकांची सवय होऊ द्यायची. पन्नासच्या वर न्यायची नाही. ओझं नाही. पण चालवायची रोज, उभी करून ठेवायची नाही."

ओझं नाही म्हटल्यावर फुलं नाहीत. आणि चालवायची तर रोज. लग्नाची ऑर्डर नसलेला एक दिवस मिळाला, तेव्हा मी आबांना म्हणाले, "चला, हरसूलचा बाजार करून येऊ." पुढची सीट मी आदल्या दिवशी मिस्त्रींकडून मागे सरकवून घेतली होती. आबा बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

त्र्यंबक रस्त्यानं आम्ही चाळीस-पंचेचाळीसनं निघालो. सगळ्या जगानं आम्हाला ओलांडलं. बस, ट्रक, शाळेची व्हॅन, दूधवाल्याची मोटरसायकल. एक जण पाठीमागून इतका वेळ हॉर्न वाजवत होता की शेवटी आबांनी खिडकीतून हात काढून त्याला मोठ्या अदबीनं पुढे जायला सांगितलं. मला आधी लाज वाटत होती, नंतर मजा यायला लागली. इतक्या सावकाश मी त्या रस्त्यानं कधी गेले नव्हते. आबा तर वाटेतली शेतं वाचत चालले होते. यांचा टोमॅटो बरा आलाय, यानं ठिबक आता केलं, हा गुलाब लावतोय पण माती तशी नाय. घरात आमचं बोलणं काम, जेवण, औषध एवढ्यावरच. त्या दिवशी त्र्यंबक येईपर्यंत आम्ही अखंड बोललो.

हरसूलला बाजार भरात होता. आम्ही नागली घेतली, सुकी मासळी घेतली, आबांनी स्वतःसाठी एक विळा घेतला. परत निघताना गावाबाहेर एक मोठं मोकळं पटांगण लागलं. एका कडेला झाडाखाली शेळ्या होत्या, बाकी कुणी नाही.

"थांब जरा," आबा म्हणाले. मला वाटलं, लघवीला जायचं असेल. मी गाडी आत घेऊन थांबवली. ते उतरले, गाडीला पुढून वळसा घातला आणि माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

"मी बघू का?"

"काय?"

"चालवून."

आबांना गाडी येत नाही. त्यांनी घेतली तेव्हा शिकायचा प्रयत्न केला होता, असं त्यांनी मला तिथंच, दाराला धरून, सांगितलं. माझ्या लग्नानंतरची गोष्ट, पण मला माहीत नव्हती. पहिल्याच दिवशी गाडी थेट शेवंतीच्या वाफ्यात गेली होती. शिकवणारा ओरडला, मुलगा हसला. त्यांनी चावी ठेवून दिली, ती पुन्हा उचलली नाही. "सगळे भराभर चालवायला सांगतात," ते म्हणाले. "आज तर हळूच चालवायचीय."

मी उतरले. ते बसले, टोपी नीट केली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. क्लच कुठला, ब्रेक कुठला, ते मी शेजारी बसून दाखवलं. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. मी नव्यानं बांधलेल्या इंजिनाचा विचार मनातून हाकलून दिला. तिसऱ्यांदा ती निघाली. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, आम्ही पटांगणाला एक मोठी फेरी मारली. शेळ्या उठून बाजूला झाल्या. आबांच्या कपाळावर घाम होता, ओठ घट्ट मिटलेले. दुसऱ्या फेरीत त्यांनी एक हात काढून हळूच खिडकीच्या काठावर ठेवला, जसा मी ठेवते तसा, आणि लगेच परत स्टिअरिंगवर नेला.

"दुसरा गिअर टाकायचा का?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले. "अजून एक चक्कर अशीच मारू."